फक्त अर्क घेतलेले

तिसऱ्या फळीवरच्या पाण्याच्या बाटल्या पुन्हा रिकाम्या दिसल्या, तेव्हा थोरलीने आधी बाटल्यांवरच संशय घेतला. गळत असतील. तिने एकेक बाटली उलटी धरून पाहिली, झाकणं पिळून घट्ट केली, नळ्यांची टोकं बोटाने पुसली. गळत नव्हत्या. उंदीरच पीत होते. आणि पिंजऱ्यातला भुसा काल बदललेला असूनही इतका ओला होता, की मुठीत धरला तर गोळा वळावा.

घरी दोघी बहिणी, त्यातली ही मोठी, म्हणून थोरली. माणसाला बरं करणारं औषध माणसाच्या लिव्हरचे काय हाल करतं, ते उंदरांवर पाहायचं, हे तिचं काम. या वेळी क्षयाच्या गोळ्या होत्या. गोळ्या चांगल्याच, लाखोंचे जीव वाचवणाऱ्या, पण काहींच्या लिव्हरवर उठतात. एका रानवेलीच्या मुळांचा अर्क सोबत दिला तर लिव्हर वाचेल का, एवढाच प्रश्न होता. पहिल्या फळीवरच्या उंदरांना नुसतं पाणी. दुसऱ्या फळीला गोळ्यांचा जबर डोस. चौथ्या फळीला गोळ्या आणि अर्क दोन्ही. आणि मधल्या, तिसऱ्या फळीवर फक्त अर्क. ही फळी असते ती अर्काचीच झडती घ्यायला. दुसऱ्याला वाचवणारा स्वतः सज्जन आहे की नाही, ते कळायला नको?

झडती घ्यायची वेळ आली होती, असं थोरलीला वाटलं. ती सरांच्या खोलीत गेली.

सर विभागाचे प्रमुख. थोरली त्यांच्याच हाताखाली शिकली आणि तिथेच कामाला लागली. या वेलीच्या मुळाची महती ते येईल त्याला, जाईल त्याला सांगत, म्हणून सगळा विभाग त्यांना पाठीमागे 'मूळपुरुष' म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

"सर, तिसऱ्या फळीवरचे उंदीर भयंकर पाणी पितायत."

"उन्हाळा आहे."

"उन्हाळा काय एकट्या तिसऱ्या फळीवर आलाय?"

सर हसले. "तू पहिल्यापासून अशीच. अगं, आपला विषय लिव्हर आहे ना? मग लिव्हरकडे बघ. पाणी पिणं हा काही आजार नाही."

थोरली परत आली ती दातओठ खातच. तिचा राग असाच होता. बोलायच्या जागी गप्प बसायची आणि मग जिना उतरताना मनातल्या मनात भांडायची.

प्रयोगाचा शेवटचा दिवस म्हणजे उंदरांचाही शेवटचा. थोरलीला उंदरांचा लळा वगैरे नव्हता. नळीने तोंडातून औषध देताना दोन-तीनदा कडकडून चावले होते तिला. पण या कामात तिने स्वतःपुरता एक दंडक घालून घेतला होता. आपण ज्याचा जीव घेतो, तो जे सांगेल ते सगळं ऐकून घ्यायचं. अर्धवट ऐकायचं असेल, तर मारायचं कशाला?

लिव्हर काढून ट्रेमध्ये मांडल्या आणि सर स्वतः बघायला आले. दुसऱ्या फळीच्या लिव्हर पिवळट, ठिपक्याठिपक्यांच्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. चौथ्या फळीच्या गडद तांबड्या, गुळगुळीत, जशा असायला हव्यात तशा. सरांनी ट्रे दिव्याखाली धरला.

"बघ," ते म्हणाले. "बघ गं! माझा बाप हे सांगून सांगून थकला. लोक त्याला पालापाचोळ्याचा वैद्य म्हणायचे. आता बोला म्हणावं!"

थोरलीलाही आनंद झाला. का नाही होणार? त्या गुळगुळीतपणात तिचेही महिने गेले होते. पण मग तिने तिसऱ्या फळीच्या उंदराच्या किडन्या उचलल्या. फिकट होत्या. मांस पाण्यात उकळून काढावं तशा. दुसऱ्या उंदराच्याही तशाच. चौथ्या फळीच्याही.

"सर, या किडन्या..."

"किडन्यांचं काय?"

"रंग बघा ना."

"अगं, किडनीला कोणी विचारलंय? आपल्या मंजुरीत लिव्हर लिहिलंय. टाक त्या."

"टाकते," थोरली म्हणाली आणि टाकल्या. न सडता टिकाव्यात म्हणून फॉर्मलिनमध्ये टाकल्या, प्रत्येक फळीची वेगळी बाटली. बाटल्या तिने शेजारच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीच्या बाईंकडे नेऊन दिली. "सवडीने स्लाइड करा, पण करा," असं सांगून.

*

धाकटीला क्षय झाला होता, ही या गोष्टीतली दुसरी बाजू.

ती शिशुवर्गाची शिक्षिका. दिवसभर पोरांत गाणी म्हणणारी, नाचणारी. खोकला जाईना तेव्हा तपासलं, आणि गोळ्या सुरू झाल्या. त्याच गोळ्या. पोरांपासून लांब, घरी बसायचं. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. दुसऱ्याच्या हातात चाक देऊन शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, असं त्याचं आयुष्य, आणि घरीही तो असाच बसलेला असे. धाकटीने जरा कूस बदलली तरी त्याचा पाय आपोआप दाबला जायचा.

सुरुवातीलाच धाकटीची लिव्हर बिघडली. डोळे पिवळे, अन्नाचा वासही नको. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून जपून पुन्हा चालू केल्या. त्या दिवसांत ती थोरलीच्या मागेच लागली.

"तुझ्या उंदरांना जे देतेस ते मला दे ना गं ताई."

"ते माणसांसाठी नाही."

"म्हणजे मी उंदराहून गेलेली का?"

"वेडेपणा करू नकोस."

"तू मला कधी सरळ उत्तर दिलंयस? लहानपणापासून 'वेडेपणा करू नकोस'. अगं, का नाही, ते तरी सांग."

"कारण अजून काही कळलेलं नाही. कळलं की सांगेन," असं म्हणून थोरली विषय बंद करायची. दिवसभर तेच काम आणि बहिणीच्या घरी तिच्या पलंगाशी बसूनही तेच, तिला नको व्हायचं.

नंतर मात्र धाकटी सुधारली. डोळे निवळले. लिव्हरचा रिपोर्ट इतका छान आला, की डॉक्टरही म्हणाल्या, "वा!" नवऱ्याने रिपोर्टचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. थोरलीला वाटलं, सुटलो.

आणि पुढच्याच तपासणीत किडनीचे आकडे वर गेले. त्यापुढच्या वेळी आणखी वर.

"या गोळ्यांतली एक गोळी क्वचित किडनीला धरते," डॉक्टर म्हणाल्या. वयाने धाकटीहूनही लहान, पण बोलायला पक्की बाई. "दुसरं काही कारण दिसत नाही. तुम्ही आणखी कुठलं औषध घेत नाही ना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"मग ती बंद करावी लागणार. नेमकी तीच गोळी सगळ्यात जोरदार आहे, हे वाईट. बदल्यात देईन ती औषधं जास्त काळ घ्यावी लागतील, त्रासही जास्त होईल. दोन दिवसांत ठरवते."

हे सगळं नवऱ्याने फोनवर सांगितलं तेव्हा थोरली विभागाच्या जिन्यात उभी होती. क्षयाच्या औषधांतली मुख्य गोळी काढून घेणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच दिवशी दुपारी पॅथॉलॉजीच्या बाईंनी बोलावलं. सूक्ष्मदर्शकावरून उठून त्यांनी थोरलीला खुर्ची दिली. "तूच बघ."

थोरलीने डोळा लावला. किडनीतल्या बारीक नळ्या, ज्यांच्या भिंती टाइल्स लावल्यासारख्या नीट असायच्या, त्या ठिकठिकाणी उखडलेल्या होत्या. पेशी सुटून नळीत पडलेल्या.

"ही तिसरी फळी. यांना काय दिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"हे फक्त अर्क घेतलेले."

"चौथीही अशीच आहे. दुसरी मात्र बऱ्यापैकी ठीक. म्हणजे गोळ्यांनी किडनीला काही केलेलं नाही. जे केलंय ते तुमच्या मुळाने."

*

संध्याकाळ व्हायच्या आत थोरली बहिणीच्या घरी पोचली. डोक्यात स्लाइड होती, डोळ्यांपुढे धाकटी. दोन्ही वेगवेगळ्या काळज्या आहेत, असंच तिला तोपर्यंत वाटत होतं.

धाकटी पलंगावर बसून पाणी पीत होती. तिने तांब्यातून एक पेला ओतून घेतला, प्यायली, दुसरा ओतला, तोही प्यायली. मग उठून बाथरूमला गेली. परत आली आणि तिसऱ्या पेल्याला हात घातला.

थोरलीला तिसऱ्या फळीवरच्या रिकाम्या बाटल्या आठवल्या.

"किती पाणी पितेस?"

"तहान लागते. उन्हाळा आहे ना."

"तू काय घेतेयस?"

"म्हणजे?"

"गोळ्यांशिवाय तू काय घेतेयस?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. एवढं पुरे होतं. थोरली उठली आणि स्वयंपाकघरात शिरली. डबे हलवले, कपाट उघडलं, भांड्यांच्या मागे हात घातला. बाटली फ्रिजमध्ये निघाली, दाराच्या कप्प्यात, उघड उघड, टोमॅटो सॉसशेजारी. तपकिरी काचेची, विभागातली बाटली. लेबलावर सरांच्या गिचमिड अक्षरात 'सकाळ-संध्याकाळ एक चमचा'.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. थोरलीची आग तिथेही थांबली नाही.

"हे कुठून आलं?"

"ओरडू नकोस."

"मी विचारते, हे कुठून आलं!"

"सरांनी दिलं," नवरा म्हणाला. "मी त्या दिवशी तुमचा विसरलेला चष्मा द्यायला आलो होतो ना ताई, तेव्हा त्यांनीच हिची चौकशी केली. मी रडलो हो त्यांच्यापुढे. ते म्हणाले, घेऊन जा, लिव्हर सांभाळेल. आणि सांभाळली ना! रिपोर्ट बघा तुम्ही. संपली की मी परत जाऊन आणतो. पैसासुद्धा घेत नाहीत."

"आणि मला सांगायला तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"ते म्हणाले, ताईंना सांगू नका. ती नियमावर बोट ठेवणारी आहे, उगाच घाबरवेल."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? अगं, त्या बाईने तुझ्या तोंडावर विचारलं, दुसरं औषध घेता का म्हणून!"

"ते औषध थोडंच आहे?" धाकटी म्हणाली. "ते मूळ आहे."

थोरलीने हातातली बाटली भिंतीवर आपटायची तेवढी बाकी ठेवली. "मूळ आहे! विषाची झाडंसुद्धा मुळावरच उभी असतात! तुझी किडनी या मुळाने खाल्लीय, कळतंय? आणि आळ येतोय गोळीवर. उद्या ती गोळी बंद होईल, क्षय उलटेल, आणि ही बाटली तशीच फ्रिजमध्ये राहील. सॉसशेजारी!"

"मग आधी का नाही बोललीस?" धाकटीचाही आवाज चढला. "मी रोज विचारत होते तुला. रोज! तू एकदा जरी म्हणाली असतीस ना, की बाई, याची भीती आहे, तर मी हात लावला असता का? तुझं आपलं 'वेडेपणा करू नकोस'. सर निदान माझ्याशी माणसासारखं बोलले."

थोरलीने बाटली पिशवीत कोंबली. धाकटीचं खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला.

"चपला घाला," ती म्हणाली. "दोघंही. डॉक्टरांकडे जायचंय."

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, वास घेतला, थोरलीचं सगळं बोलणं उभ्यानेच ऐकलं. मग धाकटीकडे वळल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

धाकटी बाटलीवरच्या लेबलाकडे बघत राहिली.

"मी उद्या तुमची गोळी काढणार होते. एका 'नाही'वर विसंबून. लोकांना वाटतं डॉक्टरपासून लपवलं की ते शरीरापासूनही लपतं." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "गोळी चालू राहील. हे आजपासून बंद. आठवड्याला रक्त तपासू. आणि ही बाटली माझ्याकडे राहू दे. तुमच्याकडे दिली तर तुम्ही ती पुन्हा फ्रिजमध्ये ठेवाल."

*

दुसऱ्या दिवशी थोरली सरांच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता. जिन्यात भांडायची सवय तिने जिन्यातच सोडली होती.

"माझ्या बहिणीला तुम्ही अर्क दिलात."

सरांनी चष्मा काढला. "दिला. कशी आहे ती? लिव्हर उत्तम झाली म्हणत होता तिचा नवरा."

"किडनी चाललीय तिची."

"ती गोळ्यांनी असेल."

"गोळ्यांनी नाही!" तिने पॅथॉलॉजीचा कागद टेबलावर आपटला. "तिसरी फळी बघा. एक गोळी मिळालेली नाही त्यांना. नुसता तुमचा अर्क."

सरांनी कागद वाचला. सावकाश, दोनदा. मग बाजूला सारला. "बॅच खराब असेल. मुळं ओली राहिली असतील, बुरशी धरली असेल. एका बॅचवरून एवढा गहजब करायचा नसतो, मी तुला हेच शिकवलं का? आणि किडन्या ठेवायला तुला सांगितलं कोणी?"

"तुम्ही टाकायला सांगितलं होतंत, हे मात्र आठवतंय."

"नीट बोल."

"नाही बोलणार! ते उंदीर पाणी पिऊन पिऊन सांगत होते, सर. भुसा भिजवून सांगत होते. तुम्ही म्हणालात उन्हाळा आहे. मेल्यावर त्यांच्या किडन्यांनी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, यांना कोणी विचारलंय. मग मारलं कशाला त्यांना? तुमच्या मनातलं उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं, तर तेवढे जीव का घेतले आपण?"

सर उठले. कपाटातून त्यांनी तशीच एक तपकिरी बाटली काढली, चमचा भरला आणि तिच्यादेखत घेतला. चमचा पुसून परत ठेवला.

"मी रोज घेतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरलीला जास्त झोंबलं. "माझी बायको घेते. जे मी घेतो तेच तुझ्या बहिणीला दिलं. विष म्हणून दिलं नाही. माझे वडील आयुष्यभर हे घेत होते. गावोगाव फिरून लोकांना फुकट वाटत होते."

"ते कशाने गेले?"

"कोण?"

"तुमचे वडील."

"म्हातारपणाने."

"म्हातारपणाने म्हणजे कशाने, सर?"

खिडकीतून खालच्या आवारात कोणीतरी मोटारसायकल सुरू करायला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"शेवटी पाय सुजायचे त्यांचे," सर म्हणाले. "तोंडसुद्धा. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, इतकं." मग ते खुर्चीत बसले. "आम्ही त्यांचा डोस वाढवला होता. बरं वाटावं म्हणून."

त्या क्षणी थोरलीला त्यांची कीव यायला हवी होती. नंतर आलीही. पण तेव्हा तिला धाकटीच्या हातातला पेला दिसत होता.

"आणखी कोणाकोणाला दिलंत?"

सरांनी टेबलावरचा कागद पुन्हा उचलला.

"कोणाला, सर? आमच्या घरापुरता तुमचा परोपकार थांबला असेल, असं मला वाटत नाही."

"असतील काही," ते म्हणाले. "शिपायाची आई. शेजारी एकजण आहेत. वाचनालयातल्या बाई. त्यांनी त्यांच्या भावासाठी नेलं होतं."

"फोन लावा."

"आधी पुन्हा करून पाहू. नवी बॅच, नव्या मुळांची. खात्री झाली की..."

"खात्री होईपर्यंत ते चमचे भरत राहतील! फोन लावा, सर. तुम्ही लावा. मी सांगितलं तर माझं कोण ऐकणार? तुम्ही दिलंत, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतात ते."

त्यांनी फोन उचलला नाही. ते नुसते फोनकडे बघत बसले, आणि थोरली दार आपटून निघून गेली.

*

प्राण्यांवरच्या प्रयोगांना जी समिती मंजुरी देते, तिच्यापुढे थोरलीने सगळं मांडलं. स्लाइड, पाण्याची मापं, बहिणीचे रिपोर्ट. बहिणीची परवानगी घेऊन. समितीने दोघांना बोलावलं. लांब टेबल, त्यावर झाकलेले पाण्याचे ग्लास, आणि कोणी न उघडलेल्या फाइली.

अध्यक्ष सद्गृहस्थ होते. आवाज खाली ठेवून बोलणारे. ते म्हणाले, "एक तांत्रिक मुद्दा आहे. मंजुरीत फक्त लिव्हर तपासणार असं लिहिलं होतं. आपण किडन्या कुठल्या अधिकारात ठेवून घेतल्या?"

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यासाठी वेगळी परवानगी घ्यायला हवी होती. आपल्याला याबद्दल लेखी समज द्यावी लागेल."

"मेलेल्या उंदराची किडनी कचऱ्यात टाकायला परवानगी लागत नाही," थोरली म्हणाली, "आणि बघायला लागते?"

कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी कागद सरळ केले. "आपण चिडू नका."

"मी चिडलेलीच आहे. चिडूनच आलेय. तुमच्यापैकी कोणी का चिडलेलं नाही, ते मला कळत नाहीये. माणसं हे पितायत! तुम्ही मला समज द्या, दोन द्या, पण आधी ते थांबवा."

मग सरांना विचारण्यात आलं. सगळ्यांना वाटलं, आता ते बॅचचं बोलतील, बुरशीचं बोलतील. थोरलीने त्यांची उत्तरं तोंडपाठ करून ठेवली होती, एकेक खोडायला.

सर उठून उभे राहिले. त्या काही दिवसांत ते बसल्यासारखे झाले होते. गालांची हाडं वर आली होती.

"किडन्या तिने ठेवल्या ते बरोबर केलं," ते म्हणाले. "मी टाकायला सांगितल्या होत्या. ज्यांना अर्क दिला, त्या सगळ्यांना मी कळवलंय. शिपायाच्या आईकडे स्वतः जाऊन आलो. माझी आणि घरच्यांची रक्ततपासणी केली आहे." एवढं बोलून ते थांबले. तपासणीत काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्याकडे बघून कोणी विचारलंही नाही. "या अर्कावरचा छापायला पाठवलेला निबंध मी परत घेतो," ते म्हणाले आणि बसले.

भांडणासाठी कमर कसून आलेल्या माणसाने करायचं काय? थोरलीला हायसं वाटायला हवं होतं आणि तिला ओरडावंसं वाटत होतं. आत्ता! आत्ता कळलं! महिन्यापूर्वी तिसऱ्या फळीपुढे नुसतं येऊन उभे राहिला असतात, तर?

समितीने अर्क कोणालाही द्यायला बंदी घातली. थोरलीला लेखी समज मिळाली ती मिळालीच. अध्यक्षांनी सही करताना "औपचारिकता आहे," असं दोनदा म्हटलं.

सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जायच्या दिवशी ते थोरलीच्या टेबलाशी आले.

"एक राहिलं," ते म्हणाले. "लिव्हर खरंच वाचवतो तो. ते खोटं नव्हतं."

"नव्हतं," थोरली म्हणाली.

"मग मुळात काहीतरी एक असेल जे वाचवतं आणि दुसरं एक जे मारतं. वेगळं काढता आलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तू बघ. मला नाही आता."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेले. त्यांचे पाय जिन्यात जड वाजत होते.

धाकटीचे आकडे हळूहळू उतरले. पूर्ण उतरले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, थोडं गेलं ते गेलं, उरलेलं जपायचं, जन्मभर. गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण झाला, क्षय गेला. दोघी बहिणी बराच काळ एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. 'रिपोर्ट आला का', 'आला'.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका दुपारी धाकटी थेट विभागात आली. पहिल्यांदाच. थोरली पिंजरे धूत होती, कोपरापर्यंत साबण.

"मला बघायचेत," धाकटी म्हणाली.

"काय?"

"उंदीर. माझ्यासारखेच जे पाणी प्यायले ते."

"ते नाहीत आता. हे दुसरे आहेत."

"माहितीये. तरी बघायचेत."

थोरलीने हात पुसले आणि तिला आत नेलं. धाकटी फळ्यांसमोर उभी राहिली. एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून जाळीतून नाक हलवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला सगळं सांग," ती म्हणाली. "काय देता, किती देता, काय होतं. कळत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. नाही कळलं तर परत विचारीन. आणि ताई, मला अजून तुझा राग आहे."

"मलाही तुझा आहे."

"असू दे. सांग."

थोरलीने स्टूल ओढून तिला बसायला दिलं आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली.